पंगतीला धाकटी उंच, उभं राहिल्यावर थोरला

पत्र:
नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. थोरला १४ वर्षं २ महिन्यांचा, नववीत. धाकटी ११ वर्षं ४ महिन्यांची, सहावीत. मुलगी साडेआठ वर्षांची असताना तिच्या छातीत गाठ लागली आणि १० वर्षं ९ महिन्यांची असताना पाळी आली. पाचवीपर्यंत ती वर्गात सगळ्यांत उंच होती, आता मैत्रिणी तिला गाठायला लागल्यात. थोरल्याचा आवाज अजून फुटलेला नाही, मिसरूडही नाही. नुसत्या तंगड्या वाढतात, पँटी आखूड होतात, वर्षात बुटाचा नंबर दोनदा बदलला. दोघं पंगतीला शेजारी बसली की धाकटी उंच दिसते, उभी राहिली की थोरला. सासूबाई म्हणतात, पोरीला न्हाण लवकर आलं, आता तिची उंची संपली. तालमीतले एकजण म्हणाले, पोराला इंजेक्शनांचा कोर्स द्या, अंग भरेल. माझी उंची १५२, ह्यांची १६८. मला पाळी नववीत आली होती. ह्यांची उंची दहावीनंतर निघाली म्हणतात. शाळेतल्या पीटीच्या सरांनी मापं घेऊन दिली. मुलगी १४६ (गेल्या वर्षी १३९.५), बसून ७७.५. मुलगा १४९ (गेल्या वर्षी १४४.५), बसून ७४.५, हात पसरून १५२. मुलांच्या अंगात काही खोट राहील का? आणि जूनमध्ये गणवेश शिवायचा तर माप कसं द्यायचं?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर:

ताई, उंचीबरोबर बसून घेतलेलं माप पाठवलंत, हे फार बरं झालं. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. उंचीतून बसलेली उंची वजा करा, पायांची लांबी मिळते. मुलीची ६८.५ सेंटीमीटर, मुलाची ७४.५. म्हणजे थोरल्याचे पाय बहिणीपेक्षा ६ सेंमी लांब आहेत आणि धड ३ सेंमी आखूड. पंगतीत तुम्हाला जे दिसतं ते अगदी खरं आहे आणि त्यात खोट काही नाही. एक मूल वाढीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, दुसरं मोठ्या उंचीच्या उंबऱ्यावर. दोघांच्या शरीरातली घड्याळं साधारण तीन-चार वर्षांनी मागेपुढे चाललीत, एवढाच फरक.

हे घड्याळ कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की सासूबाईंना आणि तालमीतल्या पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या लांबीतला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग डोकं आणि धड असतो, पाय अगदी आखूड. तिथून वयात येईपर्यंत पाय धडापेक्षा जोरात वाढतात. पाच वर्षांपासून पुढे मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं, आणि त्यातला जवळपास दोन-तृतीयांश वाटा पायांचा असतो. म्हणून चौथी-पाचवीची पोरं काटकुळी, लांब पायांची दिसतात. वयात आल्यावर हा हिशोब उलटतो. आधी पावलं आणि पंजे, मग पाय, आणि पाय मंदावायला लागले की धड, असा वाढीचा क्रम असतो. वयात येण्याच्या काळात मुलांचं धड सरासरी १२-१३ सेंमी वाढतं आणि पाय ९-१०. मुलींचंही धड साधारण तेवढंच वाढतं, पाय मात्र ७-८ सेंमीच.

आता हे मांडून बघा. वयात येणं एक वर्ष पुढे गेलं, तर त्या वर्षात पाय ३ सेंमीच्या आसपास वाढतात आणि धड जेमतेम २. उशिरा वयात येणाऱ्यांचे पाय आणि हात धडाच्या मानाने थोडे लांब राहतात, लवकर येणाऱ्यांचं धड पायांच्या मानाने थोडं लांब राहतं, ते याच कारणाने. फरक खरा आहे, पण छोटा. जे मूल लवकर वयात येतं, ते बहुतेक वेळा आधीपासूनच वयाच्या मानाने उंच असतं आणि त्याचा वाढीचा झटका जोरदार असतो. जे उशिरा येतं, त्याचा झटका थोडा मवाळ असतो. निसर्ग बरीचशी भरपाई करून टाकतो. नेहमीच्या वयोमर्यादेत वयात आलेल्या दोन माणसांत शेवटी पायांचा फरक राहतो तो सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा. एवढा फरक शिंप्याच्या टेपला कळतो, लोकांच्या डोळ्यांना कळत नाही.

हाडांची वाढ थांबवतं कोण? मांडीच्या, नडगीच्या, हाताच्या प्रत्येक लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ पट्टी असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. नवं हाड तिथेच तयार होतं. ही पट्टी पिकवून बंद करण्याचं काम इस्ट्रोजेन हे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन करतं, मुलींच्यात आणि मुलांच्यातही. मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तो हाडांवर काम करतो. १९९४ साली वैद्यकशास्त्रात एका पुरुषाची नोंद झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश घेताच येत नव्हता. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही २८ व्या वर्षी त्याच्या पट्ट्या उघड्या होत्या, उंची २०४ सेंमी झालेली आणि वाढ अजून चालूच. पट्टी बंद करण्याची किल्ली कोणाच्या हातात आहे, ते त्यावरून पक्कं झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, इंजेक्शनांचा विषय येईल तेव्हा लागेल.

सगळ्या पट्ट्या एकदम बंद होत नाहीत. हातापायांच्या बोटांतल्या आधी, मग गुडघा-मांडीच्या, मणक्यांची वाढ त्याच्याही नंतरपर्यंत चालते. गळ्याजवळच्या हाडाचं छातीकडचं टोक तर विशीच्या पुढे जुळून येतं. मुलांचे खांदे कॉलेजात गेल्यावरही रुंदावतात ते त्यामुळे. खांद्याच्या कूर्चा टेस्टोस्टेरॉनला जास्त दाद देतात आणि कमरेच्या इस्ट्रोजेनला. मुलगे खांद्यात आणि मुली कमरेत रुंदावतात त्याचं मूळ तिथे आहे.

आता मुलीविषयी. 'न्हाण आलं की उंची संपली' हे घरोघरी ऐकू येतं आणि त्यात अर्धंच तथ्य आहे. मुलींच्या उंचीचा सगळ्यांत जोराचा काळ पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर येतो. पाळी सुरू होते तेव्हा वेग उतरणीला लागलेला असतो, थांबलेला नसतो. पाळीनंतर मुली सरासरी ५ ते ७ सेंमी वाढतात, आणि पाळी जितकी लवकर, तितकी नंतरची वाढ थोडी जास्त. तुमच्या मुलीची वर्षातली वाढ ६.५ सेंमी आहे. पाळीच्या वेळी ती १४३ च्या आसपास असावी, आता १४६. अजून काही सेंटीमीटर हातात आहेत, आणि ते मुख्यतः धडात येतील. ती १४९ ते १५२ पर्यंत जाईल असा आमचा अंदाज आहे.

आईवडिलांच्या उंचीवरूनही पडताळा घेता येतो. मुलीसाठी दोघांच्या उंचीची बेरीज करायची, १३ वजा करायचे आणि निम्मं करायचं. १५२ अधिक १६८, वजा १३, भागिले २ म्हणजे १५३.५. मुलासाठी १३ मिळवायचे: १६६.५. हा मधला आकडा धरून दोन्ही बाजूंना ८ सेंमीपर्यंतचा फरक नेहमीचाच समजतात. मुलगी त्या पट्ट्यात आरामात बसते. तुमच्याएवढी होईल किंवा बोटभर कमी. यात संपलं-बिंपलं काही नाही.

साडेआठला छातीत गाठ लागणं हे लवकरच्या बाजूला आहे, पण मर्यादेत आहे. मुलींमध्ये ८ ते १३ या वयात कधीही सुरुवात झाली तरी ती नेहमीची धरतात आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तिचं गणित अगदी बरोबर जुळतं. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरुवात झाली असती, तर त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, कारण तेव्हा पाळी लांबवणारी औषधं देऊन उंची वाचवता येते. आता पाळी आल्यावर ती औषधं दिली तर उंचीत काही भर पडत नाही. कोणी सुचवलं तर सरळ नको म्हणा.

मैत्रिणी तिला गाठताहेत, कारण त्यांची गाडी आत्ता सुटली आहे. वर्ष-दोन वर्षांत काही पुढेही जातील. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे आपली वाढ खुंटली असं तिच्या मनात बसणार नाही. आणि सासूबाईंना एवढी विनंती करा की तिच्या उंचीची चर्चा तिच्यासमोर नको. अकरा वर्षांची पोर छाती लपवायला खांदे पुढे घेऊन, पाठीत वाकून चालायला लागते. तिचं अंग आत्ताच मोठ्या बाईसारखं दिसत असलं तरी मन सहावीतल्या मुलीचंच आहे, हे घरातल्या सगळ्यांनी सांभाळायला हवं.

तिची पाठ मात्र एकदा बघा. मणका जोरात वाढतो त्या काळात काही मुलींचा कणा बाजूला वळतो. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून तिला पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उचललेली दिसली, किंवा एक खांदा वर राहत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दर सहा महिन्यांनी दोन मिनिटांचं काम आहे, पाळीनंतर दोन वर्षं तरी करत राहा.

आता थोरल्याकडे येऊ. इथे आम्ही जरा जास्त रेंगाळणार आहोत, कारण चूक व्हायची शक्यता इथेच आहे.

तुम्ही आवाज आणि मिसरूड बघताय, पण ती दोन्ही उशिराची लक्षणं आहेत. मुलांमध्ये पहिली खूण म्हणजे अंडकोष मोठे होणं, आणि ती कपड्याआड राहते. तिथून उंचीचा झटका यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आवाज त्या झटक्याच्या आसपास फुटतो, दाढीमिशी त्याच्याही नंतर. मुलाचं वय १४ झालं तरी अंडकोष ४ मिलिलिटरपर्यंत पोचले नसतील, तर त्याला उशीर म्हणतात. डॉक्टरांकडे १ ते २५ मिलिलिटरच्या मण्यांची एक माळ असते, तिच्याशी ताडून बघतात. पाच मिनिटांचं काम. तो १४ वर्षं २ महिन्यांचा आहे, म्हणून हे एकदा तपासून घ्या. घाबरून जाऊ नका, पण बारावीपर्यंत वाट बघत बसूही नका. वडिलांनी सोबत जावं, आईसमोर मुलं बोलत नाहीत.

तुमच्या पत्रात एक आशादायक गोष्ट आहे, बुटाचा नंबर वर्षात दोनदा बदलला. पावलं उंचीच्या आधी वर्षभर तरी धाव घेतात. म्हणजे सुरुवात बहुधा झालेली आहे. वर्षाला ४.५ सेंमी हा वेगही त्याला साजेसा आहे. मोठ्या झटक्याच्या आधी वाढ थोडी मंदावते, वर्षाला ४-५ सेंमीवर येते, मग एकदम ९-१० वर उसळते. त्यात वडिलांची उंची दहावीनंतर निघालेली आणि तुमची पाळी नववीत. उशिरा वयात येण्याचा हा प्रकार घराण्यात चालतो आणि मुलांमध्ये उशिराचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण हेच आहे. अशी मुलं मागून येतात, पण येतात. त्याच्या धडात अजून ११-१२ सेंमी आणि पायांत ७ च्या आसपास यायचे आहेत असं धरलं, तर तो १६७ च्या पुढेमागे जाऊन थांबेल. बसलेल्या उंचीला एकूण उंचीने भागलं तर आज त्याचं उत्तर बरोबर ०.५० येतं, बहिणीचं ०.५३. मोठ्या माणसांत हा आकडा साधारण ०.५१ ते ०.५४ असतो. त्याचाही धड भरल्यावर ०.५१ वर येईल. बहिणीपेक्षा, मित्रांपेक्षा तो थोडा लांब पायांचा, शेलाट्या बांध्याचा राहील, एवढंच.

लांब हातपाय कधी कधी आजाराची खूण असतात, म्हणून त्या कसोट्याही सांगून ठेवतो. पसरलेल्या हातांचं माप उंचीला भागून १.०५ च्या वर गेलं, शिवाय बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांब, छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली, चष्म्याचा नंबर मोठा असेल तर मार्फान नावाच्या जन्मजात विकाराचा संशय घ्यावा लागतो आणि डोळे व हृदय तपासावं लागतं. तुमच्या मुलाचं १५२ भागिले १४९ म्हणजे १.०२, निश्चिंत राहा. वयाच्या मानाने लहानपणापासून उंच, लांब पाय आणि अंडकोष लहान व घट्ट असतील तर गुणसूत्रांची तपासणी करतात. वास अजिबात येत नसेल तरी सांगा. ज्या मुलांना जन्मापासून वास येत नाही, त्यांच्यातल्या काहींना वयात यायला औषध लागतं. घरच्या घरी बघायला सोपं आहे: डोळे मिटून कॉफी, हिंग, लसूण ओळखायला सांगायचं. आणि सतत डोकं दुखणं, दिसायला कमी येणं, फार तहान लागून वारंवार लघवी होणं, सारखं पोट बिघडणं, वर्षात ४ सेंमीपेक्षा कमी वाढ, यांतलं काही असेल तर वेळ घालवू नका.

आता इंजेक्शनांचा कोर्स. ताई, हे अजिबात करू नका. सातारा-सांगलीच्या मातीत कुस्ती आणि कबड्डी मुरलेली आहे. याच मातीतल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, आणि त्यांची कुस्ती हलक्या वजनगटातली होती. उंच नसतानाही ते जगाच्या आखाड्यात टिकले. आज तालमीतून, जिममधून ताकदीच्या नावाखाली मुलांना जी इंजेक्शनं टोचली जातात त्यांत बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाऊबंद असतात. त्याचं इस्ट्रोजेन होतं आणि हाडांच्या पट्ट्या पिकायला लागतात. दोन-चार महिने अंग भरलेलं दिसतं, उंचीही जरा झरझर वाढल्यासारखी वाटते, म्हणून लोक फसतात. पण जी पट्टी १८ व्या वर्षापर्यंत काम करणार होती ती १६ व्या वर्षी बंद होते आणि मुलगा कायमचा आखूड राहतो. एकदा जुळलेली पट्टी उघडणारं औषध कोणाकडेही नाही. शिवाय स्वतःचे अंडकोष काम करायचे थांबतात, तोंडावर पुटकुळ्या येतात, छातीत गाठी येतात, यकृतावर ताण येतो.

कधी कधी डॉक्टरही उशिरा येणाऱ्या मुलाला टेस्टोस्टेरॉन देतात, हे खरं आहे. पण ते अगदी थोड्या मात्रेत, साधारण ५० मिलिग्रॅम महिन्यातून एकदा, तीन ते सहा महिने, हाडांचं वय एक्स-रेने मोजून आणि कारण तपासून. तो उद्देश निराळा, मात्रा निराळी. निर्णय हार्मोनच्या डॉक्टरांचाच असायला हवा.

टीव्हीवरच्या उंचीच्या पावडरी, बारला लटकणं, गुडघे ओढणं यांनी पट्टीचं काही होत नाही. लटकून आल्यावर मणक्यांमधल्या चकत्या थोड्या मोकळ्या होतात, तासाभरात परत बसतात. दिवसभरातही असंच होतं: सकाळी उठल्यावर आणि रात्री, यात सेंटीमीटरभर किंवा जास्तही फरक असतो. व्यायाम म्हणून लटकू द्या, हरकत नाही.

मात्र मुलगा तालमीत किंवा कबड्डीला जात असेल तर कोचला एक सांगा. पाय लांब झालेत, स्नायू अजून त्या मानाने आलेले नाहीत. उंचीचा झटका येऊन गेल्यावर सहा महिने ते वर्षभराने ताकद येते. तोवर तोल जाणं, पाय अडखळणं स्वाभाविक आहे. या वयाच्या संघात जो मुलगा आज सगळ्यांना उचलून टाकतो, तो बहुतेक वेळा लवकर वयात आलेला असतो. त्याच्याशी तुलना करून याला संघाबाहेर काढू नये. पायाची जवळपास दोन-तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीतच होते, म्हणून या वयात गुडघ्याखालची हाडाची उंचवट्याची जागा दुखते, सुजते. दुखलं तर आठ-दहा दिवस उड्या आणि बैठका बंद, बर्फाचा शेक, मांडीचे स्नायू ताणायचे. रात्री झोपेतून उठवणारं किंवा एकाच जागचं वाढत जाणारं दुखणं असेल तर एक्स-रे काढा.

खाण्याविषयी थोडक्यात. पायांची लांबी बरीचशी पहिल्या काही वर्षांच्या पोषणावर ठरते. जपानमध्ये १९५७ ते १९७७ या काळात लोकांची उंची वाढली, ती जवळजवळ सगळी पायांत वाढली. आता दोघांनाही पोटभर आणि नीट मिळालं पाहिजे. १३ ते १५ वयात मुलाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन पेले दूध किंवा ताक-दही, नाचणीची एक भाकरी, वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ दोन वेळा, अंडं चालत असेल तर एक अंडं, मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे-गूळ घरचेच असतात, त्याची लाज वाटू देऊ नका. वजनगटासाठी मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं बंद. उपासमारीने वयात येणं आणखी लांबतं. मुलीला शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती जेवणानंतर घेऊ दे, पाळी सुरू झाल्यावर तिला तिची जास्त गरज आहे. तिचं वजन उंचीच्या मानाने जास्त असेल तर तळलेलं आणि थंड पेयं कमी करा, भाकरी कमी करू नका.

यापुढे मापं घरीच घ्या, पण नीट. पीटीच्या सरांचं माप चांगलं आहे, तरी दर वेळी वेगळ्या माणसाने, वेगळ्या भिंतीला घेतलं की आकडे फसवतात. भिंतीला खाली फरशीची पट्टी बसवलेली असेल तर टाचा पुढे राहतात, म्हणून दाराची चौकट किंवा पट्टी नसलेली भिंत धरा. स्टीलची टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप वापरून ताणली जाते. अनवाणी, वेणी-अंबाडा सोडून, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला टेकवून उभं करायचं, नजर समोर, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका सरळ रेषेत. डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवायचा, एक बाजू भिंतीला चिकटवून, आणि पेन्सिलीने खूण. तीनदा घेऊन सरासरी काढा. बसलेल्या उंचीसाठी टणक लाकडी स्टूल घ्या, त्याची उंची आधी मोजून लिहा. कमरेचा मागचा भाग भिंतीला घट्ट टेकलेला हवा, मांड्या सपाट, पाय लटकत असतील तर खाली विटा. जमिनीपासून खुणेपर्यंत मोजून स्टुलाची उंची वजा करायची. पोरं उंच दिसायला ढुंगण आवळतात, तेवढ्याने सेंटीमीटर वाढतो. ढिलं सोडायला सांगा. मऊ गादी किंवा उशी नको.

दर महिन्याला मोजू नका. मापात अर्धा सेंमी चूक सहज होते आणि महिन्याच्या फरकावरून वर्षाचा वेग काढला तर तीच चूक ६ सेंमी होऊन बसते. दर तीन महिन्यांनी, सकाळी एकाच वेळी घ्या आणि वेग सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या फरकावरून काढा. वहीत तारीख, उंची, बसून, हात पसरून, बुटाचा नंबर, मुलीच्या पाळीची तारीख असं लिहा. ही वही डॉक्टरांना रक्ताच्या चाचणीपेक्षा जास्त सांगते.

मुलाला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या बालरोग विभागात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे दाखवा. डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक एक्स-रे काढतात, त्यावरून हाडांचं वय कळतं. त्याचं हाडांचं वय १२ च्या आसपास निघालं तर वाढीला भरपूर जागा आहे आणि उशीर घराण्यातलाच असण्याची शक्यता वाढते. सोबत थायरॉईड, रक्ताचं प्रमाण एवढं बघतील. त्याची उंची इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर मांडून द्यायला सांगा, तो ५ ते १८ वयाच्या भारतीय मुलांसाठी बनवलेला आहे.

राहिला गणवेश. मुलाच्या पँटीला खाली ६ सेंमी दुमड ठेवायला सांगा, कंबर इलॅस्टिकची घ्या. शर्ट दोनच शिवा, कारण त्याचे खांदे आणि धड अजून यायचे आहेत. आधी पँट आखूड होईल, तेव्हा दुमड सोडा, शर्ट त्यानंतर लहान होतील. बूट अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घ्या. मुलीचं उलटं करा: सलवारीला दुमड २-३ सेंमी पुरे, पण कुडत्याची लांबी ४ सेंमी जास्त घ्या आणि छातीत शिवणीला जागा सोडायला सांगा. माप द्यायला तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा.